बुटातली बिअर

दुबईतल्या मॉलच्या दारात वर्षानुवर्षं सलाम ठोकून रुद्रमान गुरुंग नेपाळातल्या त्रिशूली नदीवर परतला, तो तोऱ्यातच. एके काळी तो इथला नावाजलेला राफ्ट गाइड. "आता पोरी राफ्ट चालवतात? नदीची पार रया गेली!" असं तरुण गाइड सुनमायाला ऐकवत तो तिच्याच राफ्टमध्ये चढला आणि पहिल्याच उसळीत पाण्यात फेकला गेला. तिनं जॅकेटला धरून त्याला गोणीसारखा आत ओढला.

तरी ऐट जाईना. काठावर त्यानं स्वतःच बूट काढला. पाण्यात पडलेल्या गाइडनं आपल्याच बुटातून बिअर प्यायची, हा इथला दंड.

"ओता!" त्यानं बूट पुढे केला.

सुनमायानं त्याच्या हातात चहा ठेवला. "बूट घाला, दादा. दंड गाइडला असतो, गिऱ्हाइकाला नाही."