अप्पांचा तारा

वडील वारल्यानंतर त्यांना कुठला तारा द्यायचा, हा निर्णय मी जरा घाईतच घेतला.

खरं तर तो मी घेणारच नव्हतो. पण अप्पा दसऱ्याच्या सुमाराला गेले आणि जानेवारी उजाडला तरी माझी सात वर्षांची मुलगी इरा रोज विचारायची, "बाबा, आजोबा नक्की कुठे गेलेत?" शेवटी एका संध्याकाळी मी तिला आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर घेऊन गेलो. आईलाही जवळजवळ ओढतच वर आणलं. अप्पा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. रडलीही नव्हती. नुसती घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची.

"तो बघ, लाल तारा!" मी पूर्वेकडे बोट केलं. "ते आपले आजोबा."

"ती क्रेन आहे," मागून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरचे नेनेकाका गच्चीवर चकरा मारत होते. (त्यांना न विचारता सांगायची सवय आहे. विचारलं, तर मग बघायलाच नको!) "पलीकडे रीडेव्हलपमेंट चाललंय, त्या क्रेनचा दिवा आहे तो. वडिलांना जरा वर घ्या. तिथे काक्षी आहे, मृग नक्षत्रातला. तोही तांबूसच आहे. शिवाय तारा आहे."

मी मुकाट्यानं अप्पांना वर घेतलं.

काका थांबतील तर ना! "चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय. मधले तीन ओळीत दिसतायत, तो बाण."

"बाण कुठे लागलाय?" इरानं विचारलं.

"पोटात."

अप्पा पोटाच्याच दुखण्यानं गेले होते.

"कुणी मारला?"

"तो खाली झगझगीत दिसतोय ना, त्यानं. व्याध. शिकारी."

इरानं माझा हात घट्ट धरला. विषय बदलायला हवा होता. मी म्हणालो, "अगं, ते सगळं फार फार लांब आहे!" (खगोलशास्त्रातलं मला येणारं हे एकमेव वाक्य.)

"किती लांब?"

मी काकांकडे पाहिलं. ही माझी दुसरी घोडचूक!

"व्याध जवळ आहे, साडेआठ प्रकाशवर्षं. काक्षी सहाशेच्या आसपास. म्हणजे तिथून उजेड निघाला तर त्यालाही इथे पोचायला सहाशे वर्षं लागतात."

इरानं बोटांवर हिशोब केला. "मग आजोबा अजून पोचलेच नसतील. वाटेतच असतील." आणि मग हळूच, "एकटेच?"

तेवढ्यात आईनं मान वर केली. इतका वेळ ती खालच्या फरशीकडेच बघत होती. "प्रवासात त्यांना तासातासाला चहा लागतो," ती म्हणाली. मग एकदम तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "थांबा. मृग म्हणालात? म्हणजे तो प्रजापती? हरणाचं रूप घेऊन स्वतःच्या मुलीच्या मागे लागला आणि शंकरानं बाण मारला, तो?"

मी आशेनं काकांकडे पाहिलं.

"तोच," काका म्हणाले. "पुढे पळतेय ती मुलगी, रोहिणी."

"अरे मेल्या!" आई कडाडली. "या माणसानं जन्मात शेजारणीकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि तू त्यांना नेऊन कुठे घातलंस!"

इरा विचारत होती, "मागे का लागला?" मी दोघींना खाली आणलं. जेवण होईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर! दोनच दिवसांनी इरा शाळेतून हुंदके देत घरी आली. वर्गात बाईंनी ताऱ्यांची गोष्ट सांगितली होती. "बाबा, आजोबा फुटणार आहेत! काक्षी म्हातारा झालाय, तो फुटणार आहे!"

अंधार पडताच आई स्वतःच आमच्या पुढे गच्चीवर पोचली. मी जिना चढता चढता समजावत होतो, "अगं, लगेच नाही फुटत! लाखभर वर्षांत केव्हातरी."

"किंवा उद्या," नेनेकाका म्हणाले. ते होतेच तिथे.

आई माझ्याकडे वळली. "जन्मभर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलं त्यांनी. रोज संध्याकाळी धडधाकट घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. आणि तू त्यांना बसवलंस कुठे, तर फुटणाऱ्या ताऱ्यात!"

"मी बदलून देतो!" मी घाबरून म्हणालो. "रोहिणी चालेल?"

"रोहिणीचं नाव काढू नकोस!"

नेनेकाका आयुष्यात पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात बोलले. "वहिनी, तो कदाचित फुटलाही असेल. आपल्याला दिसतोय तो जुना उजेड. आपल्यापर्यंत कळायला वेळ लागतो."

आई त्या तांबूस ठिपक्याकडे बघत राहिली.

"ह्यांचंही तसंच झालं," ती म्हणाली. "आत सगळं संपत आलेलं, आणि बाहेर आपले पेपर वाचत बसलेले. मी विचारायचे, बरं वाटतंय ना? म्हणायचे, उत्तम. मला कळलंच नाही रे. शेजारी बसून कळलं नाही."

आणि गच्चीच्या कठड्याला धरून आई रडली. इतक्या महिन्यांचं सगळं रडली. नेनेकाका पाठ फिरवून पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले. मी तिची समजूत घालायला पुढे झालो आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागलो. शेवटी इरानंच आम्हा दोघांचे डोळे आपल्या स्वेटरच्या बाहीनं पुसले.

"आजी, आजोबांना दुसरा तारा देऊया का?"

"नको गं," आई नाक पुसत म्हणाली. "आता कुठे घर लागलंय त्यांना. राहू देत तिथेच."

इरानं मग मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाबा, तू नको हं तारा होऊस. एवढे जिने चढायला लागतात. तू आपला घरातला ट्यूबलाइट हो."

आई हसली. अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा, पदर तोंडावर धरून, पार ठसका लागेपर्यंत हसली.

"त्यासाठी त्याला मरायची काय गरज?" ती म्हणाली. "तो आहेच!"