कौसल्या नावाचं नेटवर्क

आधीच सांगते, असल्या गोष्टी वाचायला मला आवडतात, पण विश्वास म्हणाल तर अजिबात नाही. गंगापूरकडच्या आमच्या गावात कुणाला चिंचेखाली काही दिसलं की आई म्हणायची, "उपाशी माणसाला काय बी दिसतंय." मीही तिचीच लेक. त्यात नोकरी जमीन मोजणीच्या ऑफिसात... टेप लावल्याशिवाय आम्ही बांधावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. तरी लिहिते आहे, कारण हे मला आतल्या आत सांभाळणं जड जातंय.

आमचं ऑफिस तेव्हा शहरातल्या पुंडलिकनगरात होतं, एका जुन्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर. सलग दुष्काळाची वर्षं होती ती. बोअर आटलेले, नळाला कधीतरी पाणी, दारोदार निळे ड्रम. आणि शहर मात्र चारी बाजूंनी सुटलेलं. कापसाच्या रानात प्लॉट पडत होते, त्यांचे नकाशे आम्ही करायचो. साहेब बहुतेक साईटवर. ऑफिसात मी आणि नकाशे काढणारे सलीमभाई.

साहेबांनी नवीन राऊटर आणला. आमचे मोबाईल नुसते धावायला लागले, पण दोन जुने कॉम्प्युटर आणि साईटवर न्यायचा जुनाट टॅब काही केल्या जोडले जाईनात. राऊटर बंद-चालू केला, पासवर्ड पुसून पुन्हा टाकला, टॅबची तारीख चुकलेली होती ती नीट केली... काही नाही. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, "मॅडम, नवीन राऊटरची भाषा यांना कळत नाही." सलीमभाईंचं तर ठरलेलं, "ये डब्बे अब कबाड में दे दो मॅडम."

शेवटी वाट काढली ती शेजारच्या काकांनी. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मूळचे खुलताबादकडचे, मेंढपाळाच्या घरातले. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, रिटायर झालेले. "ल्हानपणी मेंढरामागं, मोठंपणी तारामागं," असं सांगून स्वतःच हसायचे. पुण्याच्या नातीला बघता यावं म्हणून त्यांनी घरात वाय-फाय घेतलं होतं, तेही जुनंच. एकदा आमची खटपट खिडकीतून बघत म्हणाले, "आमचं टाका की. जुन्याचं जुन्याशी जमतंय."

आणि खरंच जमलं! तिन्ही एका झटक्यात जोडले गेले. नेटवर्कचं नाव होतं कौसल्या.

"हे काय काका?" मी विचारलं.

"हिचं नाव. घराला आईचं नाव लागलं, गाडीवर पोराचं. हिचं कुठंच लागलं नाय. म्हणलं, हवेत तरी लागू दे."

आतून काकूंचा आवाज आला, "काय बाई ही तऱ्हा! अख्ख्या गल्लीच्या मोबाईलात माझं नाव दिसतंय." पण त्या रागावलेल्या नव्हत्या. दुपारच्या चहाला मला हाक मारताना त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याचं कौतुक बघितलंय.

त्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी अंगणात उन्हाला बसले ते बसलेच.

तेरावं झाल्यावर मुलगा सुनील पुण्याला परतला. काकूंनी वाय-फाय काढून टाकलं. मी म्हटलं, "काकू, राहू द्या, नातीला बघायला मी लावून देत जाईन." त्या म्हणाल्या, "हे मधी बसून बोलायचे तवा बघू वाटायचं. आता मी एकटी त्या काचेम्होरं बसून काय बोलू?" कंपनीचा माणूस येऊन तार गुंडाळून घेऊन गेला. आमच्यासाठी साहेबांनी एक स्वस्तातला जुन्या पद्धतीचा राऊटर आणला. तो चालायचा, पडायचा, परत चालायचा. दिवसातून कितीदा तरी त्याची वायर काढून परत खोचायची, हे माझं कामच होऊन बसलं.

त्या उन्हाळ्यातली एक दुपार. एका लेआउटचा नकाशा पाठवायचा होता आणि नेट गेलेलं. मी वायर उपटली आणि सवयीप्रमाणे थोडा वेळ थांबले. वायर माझ्या हातातच होती, तोवर सलीमभाई म्हणाले, "आ गया मॅडम."

"कसं येईल? वायर तर माझ्या हातात आहे."

"आप खुद देखो ना."

मी बघितलं. स्क्रीनवर लिहिलं होतं... कौसल्या. जोडलेलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच. टॅबवर तेच, सगळ्या रेघा भरलेल्या. फक्त नेट काही उघडत नव्हतं.

खरं सांगते, भीती वगैरे अजिबात वाटली नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, काकूंनी मनावर घेतलं वाटतं, परत जोडून घेतलं. सुनीलच आला असेल. नेट चालत नाही एवढं सांगून यावं आणि भेटूनही यावं, म्हणून मी टॅब घेऊनच शेजारी गेले.

पुढचं दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. मागं गेले तर स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं. आत घर एकदम शांत... आमच्या भिंतीपासून लांबच्या टोकाला, न्हाणीघराच्या उंबऱ्यात काकू पडल्या होत्या. सकाळी नळाला पाणी आलं होतं, ते भरताना घसरल्या असणार. ड्रम काठोकाठ भरलेला, पाणी येऊन गेलेलं आणि फरशी वाळूनसुद्धा गेलेली. म्हणजे किती वेळच्या पडल्या होत्या, कोण जाणे.

डोळे उघडे होते. आवाज पार बसलेला. "आले का?" म्हणाल्या.

"मी आहे काकू, वैशाली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ॲम्ब्युलन्स आली, सलीमभाईंनी धावपळ केली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय, संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर अवघड होतं. सगळे मला म्हणायला लागले, देवासारखी धावलीस. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

काकूंचे कपडे आणायला मी परत त्यांच्या घरी गेले, तेव्हा मुद्दाम राऊटर शोधला. माळ्यावर पिशवीत होता, वर धूळ. त्याला वीज द्यायचा चार्जरच नव्हता, तो काकूंनी भंगारवाल्याला देऊन टाकलेला. बाहेर भिंतीवर तार ओढल्याच्या नुसत्या खिळ्यांच्या खुणा. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले...

ऑपरेशननंतर त्या जरा बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनीच विचारलं, "तुला कसं कळलं गं? मी तर तुला हाक मारलीच नव्हती."

मी सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. काकांनीच मला पाठवलं, असं काहीतरी त्या म्हणतील. त्या छताकडं बघत राहिल्या. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कानापर्यंत गेलं तरी पुसलं नाही.

"मी ह्यांना हाक मारत होते पोरी," त्या म्हणाल्या. "पडल्यापासनं. म्हणलं, आता लई झालं, या अन् न्या मला. घसा बसस्तोवर हाक मारली. अन् ह्यांनी... ह्यांनी तुला धाडलं."

मी त्यांचा हात धरून बसले.

"म्हंजी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "ऐकून बी आले नाय."

सुनील त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नाही, त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. जाताना त्यांनी घराकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. घर बिल्डरला गेलं, आमचंही ऑफिस हललं. पुण्यात त्या कितव्यातरी मजल्यावर राहायच्या. मी फोन करायचे. सुरुवातीला दर वेळी हळूच विचारायच्या, "माझं नाव दिसलं का गं परत?" मी म्हणायचे, "नाही काकू." "बरं," म्हणायच्या. नंतर विचारायच्या थांबल्या. जेवणाचं सांगायच्या, गुडघ्याचं सांगायच्या, आणि मग "ठेवते" म्हणायच्या. तशा त्या वर्षभराच्या वर जगल्या.

मी जाणकारांना विचारलंय. कुणी म्हणालं, जुनी उपकरणं कधीकधी मागचं नाव दाखवतात. दाखवत असतील. पण तिन्ही एकाच वेळी? त्याच दुपारी? कुणी म्हणालं, गल्लीत त्याच नावाचं दुसरं असेल. नव्हतं, मी घरोघर विचारलं होतं. काकूंनी वाय-फाय काढल्यापासून त्या एका दुपारखेरीज ते नाव पुन्हा कधी दिसलं नाही. आणि खरं म्हणजे आता मला याचं उत्तर फारसं शोधायचंही नाही.

काकू गेल्याचं सुनीलनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी वेगळंच विचारलं. "शेवटी... कुणाला हाक मारली का रे त्यांनी?"

"नाही ताई," तो म्हणाला. "कुणालाच नाही."