आमच्या खोलीतून निवडून गेलेला आमदार

शुक्रवारी दुपारी नमाज आणि जेवण उरकलं की सौदीत, दम्माममधल्या आमच्या खोलीत कोकणातली चार-पाच माणसं जमतात. आधी मासळीचा विषय, मग गावातली लग्नं. तेवढं झालं की कुणीतरी हळूच म्हणतं, "सुध्याचं नवीन कळलं का?" बस्स! चहा थंड होतो आणि माणसं हसून हसून आडवी होतात. सुध्या गेला विधानसभेत, पण त्याचे किस्से अजून आमच्याच खोलीत राहतात. त्यांना राहायला इकामाचा परवानाही लागत नाही!

सुध्या म्हणजे आमच्या तालुक्याचे आमदार, सुधाकरभाऊ. आमदार होण्याआधी ते याच खोलीत खिडकीखालच्या पलंगावर झोपायचे. खोलीत तेव्हा आम्ही चौघं. क्रेनवर काम करणारे अन्वरभाई, वयानं सगळ्यांत मोठे. मोबाईलच्या दुकानाचा मॅनेजर मोहन. मी स्टोअरकीपर. आणि कामगारांची हजेरी मांडणारा टाइमकीपर सुध्या.

* * *

निवडणुकीतलं त्याचं भाषण आम्ही फोनवर बघितलं. भाऊ आवाज चढवून सांगत होते, "मी वाळवंटात घाम गाळलाय! पन्नास डिग्रीच्या उन्हात हाडं झिजवलीयत!"

अन्वरभाईंनी घास खाली ठेवला.

"घाम? अरे, ह्याला ऑफिसच्या एसीनं बारमाही सर्दी असायची! जूनमध्ये मफलर गुंडाळून फिरणारा दम्माममधला हा एकच माणूस!"

* * *

भाषणात पुढे होतं, "जनतेच्या सेवेसाठी मी सौदीतल्या नोकरीवर लाथ मारली."

लाथ कुणी कुणाला मारली ते आम्हाला ठाऊक! सौदीकरणाच्या नियमात टाइमकीपरची जागा सौदी माणसाला राखीव झाली. कंपनीनं फहद नावाचा एक पोरगेला सौदी आणून सुध्याच्या शेजारी बसवला. म्हणाले, ह्याला तुझं सगळं काम शिकव.

काही दिवसांनी फहद मला गोदामाच्या दारात भेटला. विचारलं, "काय, शिकलास का?"

तो तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, मैं रोज देखता है. ये चाय पीता, फोन करता, सोता. काम कब शुरू करेगा?"

पुढच्याच महिन्यात सुध्याचं फायनल एक्झिट झालं. विमानात बसला तो बेकार म्हणून. गावात उतरला तो समाजसेवक म्हणून!

* * *

मग पाळी आली मोहनची. मोबाईलच्या दुकानांत फक्त सौदीच काम करतील, असा नियम निघाला. एव्हाना मोहनची बायको आणि मुलगी सानिका इकडे आल्या होत्या. खालच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. सानिका दहावीला. शाळा इथली, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. आणि मोहनचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो सौदी मालक, म्हणतोय, दुकान खलास, आता लगेच देश सोडा! अडून बसलास तर पळून गेल्याची तक्रार टाकेन. ती तक्रार पडली की माणूस चोरासारखा लपत फिरतो.

मोहन म्हणाला, "आपला माणूस आमदार आहे. त्याला सांगू. दिल्लीतून एक फोन आला तरी हा थांबेल."

लावला फोन. पीएनं उचलला. गंभीर आवाजात म्हणाला, "भाऊ आता बोलू शकणार नाहीत. भाऊ जनतेच्या प्रश्नावर उपोषणाला बसलेत."

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "अरे, अजून दोन बोंबील टाक तव्यावर! कुरकुरीत हवेत!"

अन्वरभाईंनी फोन हातात घेतला.

"उपोषण चालू दे म्हणावं. फक्त काटे सांभाळ!"

* * *

त्याच हिवाळ्यात भाऊ स्वतःच सौदीच्या दौऱ्यावर आले. कशासाठी? तर 'कोकणी बांधवांच्या व्यथा जाणून घेण्यासाठी'. विमानतळावर घ्यायला मीच गेलो होतो. गाडीत म्हणाले, "माझी बडदास्त ठेवू नका रे. साधेपणाचे संस्कार आहेत आपल्यावर. कसलीही खोली चालेल. फक्त समुद्र दिसला पाहिजे."

संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल पांघरून भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "चिंता सोडा! तुमच्या नोकऱ्यांबद्दल माझं इथल्या सरकारशी बोलणं झालंय."

अन्वरभाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "कधी रे? तू तर आज दुपारी उतरलास!"

"उच्च पातळीवर झालं," भाऊ म्हणाले.

मी खाली मान घातली. उतरल्यापासून ते एकाच सरकारी माणसाला भेटले होते. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याला! तोही ह्यांना एकच शब्द बोलला होता, "यल्ला!" म्हणजे, चल, सरक पुढे!

* * *

मग फोटो सुरू झाले. भाऊंनी सानिकाला जवळ घेतलं, कॅमेऱ्याकडे बघून हसत विचारलं, "बाळ, मोठेपणी देशासाठी काय करणार?"

सानिका म्हणाली, "अंकल, वो मैं बाद में बताती हूँ. पहले आप बताओ, मेरे पापा के लिए क्या करेंगे?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

भाऊंनी मोहनच्या खांद्यावर हात ठेवला. "मोहन, तू माझा भाऊ. तुझा प्रश्न मी विधानसभेत मांडणार. हा सुधाकरचा शब्द!"

बापडा मोहन. त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी आमदारसाहेब परत गेले, चॉकलेटांच्या दोन बॅगा घेऊन.

* * *

शेवटी अन्वरभाईच मोहनला घेऊन कफीलच्या घरी गेले. मीही सोबत होतो. म्हाताऱ्यानं आम्हाला बसवलं, कहवा दिला, खजूर पुढे केले. अन्वरभाई आपल्या मोडक्या अरबीत एवढंच म्हणाले, "मुलीची परीक्षा आहे. परीक्षा झाली की हा जाईल."

म्हातारा बराच वेळ जपमाळ ओढत बसला. मग म्हणाला, "मुलगी शिकू दे. तोवर मी काही करत नाही."

आणि त्यानं शब्द पाळला! परतताना अन्वरभाई गाडीत म्हणाले, "ह्याला आपण मत दिलं नव्हतं, म्हणून काम झालं."

* * *

सानिकाची परीक्षा संपली. मोहनच्या घरी बांधाबांध चालली होती, म्हणून तो जेवायला वर आमच्याकडे आला होता. तेवढ्यात गावाकडून व्हिडिओ आला. विधानसभेत भाऊ बोलतायत! मोहन हात न धुताच पुढे सरसावला.

"अध्यक्ष महोदय, मी सौदी अरेबिया डोळ्यांनी पाहून आलोय. तिथलं सरकार नोकऱ्या भूमिपुत्रांना देतं आणि बाहेरच्यांना सरळ घरी पाठवतं! तोच कायदा माझ्या तालुक्यात आणा!"

बाकं वाजली.

अन्वरभाईंनी फोन उपडा ठेवला.

"तुझाच प्रश्न मांडला की रे, मोहन," ते म्हणाले, "फक्त तुझ्या कफीलच्या बाजूनं!"

मोहन हसला. पण त्यानं पुढे घास घेतला नाही.

* * *

मोहन गावी गेला. पुष्कळ दिवस रिकामा बसला. मग जेटीजवळ एक मोठं कोल्ड स्टोरेज उभं राहिलं. तिथे मॅनेजर हवा होता, आणि भाऊंच्या शब्दाशिवाय तिथे वॉचमनसुद्धा लागत नव्हता. बायकोनं फारच धरलं, म्हणून एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो भाऊंच्या ऑफिसात गेला.

पुढचं त्यानं आम्हाला शुक्रवारी फोनवर सांगितलं.

भाऊंनी खुर्ची दिली, चहा मागवला, सानिकाचे मार्क विचारले. कामाचं निघालं तसा चेहरा पाडला.

"मोहन, तू माझा भाऊ. पण माझे हात बांधलेत रे. तिथे फक्त स्थानिक घ्यायचे, असं मीच जाहीर केलंय."

मोहन म्हणाला, "अरे, मी इथलाच ना? माझं घर तुझ्या घरामागे आहे!"

"घर आहे रे. पण तू एवढी वर्षं होतास कुठे? लोक म्हणतील, भाऊंनी सौदीवाला आणून बसवला. तू स्थानिकात बसत नाहीस."

अन्वरभाईंनी फोनवर विचारलं, "मग? तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? चहा तसाच ठेवून उठलो. दारापर्यंत पोचलो, तर मागून हाक मारली त्यानं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'मोहन, मत मात्र तुझं इथलंच आहे ना रे?'"