गोठ्यावरचा निळा पत्रा

पत्रा मीच टाकला होता. फौजेतून रिटायर होऊन कडेगावला आलो आणि महिनाभरात गोठ्याचं जुनं छप्पर उतरवून झकास निळा पत्रा ठोकला. पुढच्या चैत्रात त्या पत्र्याखाली म्हैस जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली. पहिलारू, आठवा महिना. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "थंडावा करा, नाहीतर रेडकू हाताला लागायचं नाही."

झालं! माझ्या पायाला भिंगरी लागली. मोबाइलवर पर्यावरणपूरक छपरं बघत बसलो. कोरेगावला जुनी कौलं निघालीत म्हणून गेलो, तर निम्मी फुटकी. साताऱ्यात टाकाऊ प्लॅस्टिकचा पत्रा बघितला, मन भरेना. बांबूचा तट्ट्या आवडला, पण वाळवीचं काय? चार दिवस एसटीचे नुसते हेलपाटे. घरी यावं तर बायको म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत असायची. मला ते बघवायचं नाही, म्हणून पुन्हा बाहेर पडायचो. खरं सांगतो, लय भ्यालो होतो.

पाचव्या दिवशी तिनंच विचारलं, "आवं, आधीचं छप्पर कशाचं हुतं?"

"उसाच्या पाचटाचं."

"मग?"

माझी ट्यूब पेटली. ऊस तुटून गेला की वाळला पाला रानात ढिगानं पडतो. पळतच रानात गेलो. रान काळंभोर! परवा मीच काडी लावली होती की, एसटी गाठायच्या घाईत. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शेजारचा शेतकरी पाचट जाळत नाही, रानातच कुजवतो. त्याला मी तोंडावर आळशी म्हणायचो. आता त्याच्याच बांधावर जाऊन उभा राहिलो.

"लागंल तेवढं घिऊन जा, गड्या," तो म्हणाला. "पण फुडच्या साली काडी लावू नगंस."

मी मान डोलावली आणि पाचट गोळा करायला वाकलो.

दोन दिवस आम्ही नवराबायको पेंढ्या बांधत होतो. पत्रा उतरवला, बांबू टाकले, वर हातभर जाड पाचट शाकारलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी म्हैस खाली बसून रवंथ करायला लागली. मी मात्र गोठ्यात येरझाऱ्याच घालत होतो.

"ती बसली. आता तुमी बी बसा की," बायको म्हणाली. "माझ्या दोन्ही बाळंतपणाला तुमी नव्हता. आता हायसा, तर बसा."

मी तिच्याजवळ टेकलो. दोन महिन्यांनी रेडी झाली. ती धडपडत पायावर उभी राहीपर्यंत मी जागचा हललो नाही.