ताजं पाणी

दुधाच्या धुतलेल्या कॅनचा आंबूस वास आला की मला दुष्काळातलं आमचं नेकनूरजवळचं घर आठवतं. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि दूध सोसायटीनं मोडीत काढलेल्या कॅनात आम्ही पाणी साठवायचो. एरवी आई रोज सकाळी शिळं पाणी ओतून घागर घासायची, त्या वर्षी तेच पाणी फडक्यातून दुसऱ्या घागरीत गाळायची आणि म्हणायची, "झालं ताजं." शाळेत बाईंनी 'फ्रेश' शब्द शिकवून वाक्य करायला सांगितलं. माझी आई रोज पाणी फ्रेश करते, असं मी इंग्रजीत लिहिलं. "ताजं असतं गं, करता येत नाही," म्हणत बाईंनी लाल रेघ मारली. त्याच आठवड्यात बाई एका फॉर्मवर आईचा अंगठा घ्यायला घरी आल्या. आईनं त्यांच्यासमोरच पाणी गाळलं आणि तांब्या पुढं केला. "टँकरचं हाय बाई, पण शिळं न्हाई," ती ओशाळून म्हणाली. बाईंनी अख्खा तांब्या संपवला, माझी वही मागितली आणि त्या रेघेशेजारी बरोबरची खूण केली. आता मीही इंग्रजी शिकवते. एखाद्या पोरीची वही तपासताना चुकीच्या वाक्यापाशी माझा लाल पेन अजून अडतो. त्या पोरीच्या घरचं पाणी मी प्यायलेलं नसतं.