चार दिवस भरत नाहीत

"राजे, खाली या! आज जगच बदलायचंय!"

कपाळावर हाताचा आडोसा धरून, मान मागे टाकून माझा हा शेजारी मित्र आमच्या तिसऱ्या मजल्याकडे ओरडायचा. गोखिवऱ्यात आमच्या इमारतीला लागूनच त्याची सोनचाफ्याची वाडी. अशा दिवशी, मंडळी, त्याला पाहायचं! एकदा त्याने चाफ्याची निम्मी झाडं तोडली आणि कामणच्या एका गोदामवाल्याला अत्तराच्या कारखान्यात भागीदार करून टाकलं. कारखाना? तो तिथेच उभा राहणार होता, परवापर्यंत! दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. "झोप म्हणजे आळशांचा धंदा, राजे!" मी पोट धरून हसायचो.

तिसऱ्या दिवशी वाडीत कुणी नसायचं. कळ्या झाडावरच उमलून फुकट जायच्या. तो खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. "राजे, मला उचलून विहिरीत टाका," इतकं साधं म्हणायचा, जणू पाणी मागतोय.

दवाखान्यात त्याला नेता यायचं ते याच दिवसांत. चढलेला माणूस कशाला येतोय? त्यामुळे डॉक्टरांनी पाहिला तो नेहमी पडलेलाच. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि जत्रेतला पाळणा आणखी जोरात फिरू लागला. दीड दिवस वर, दोन दिवस खाली.

मग त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला सोबत नेलं. "भाऊजी, ते वरचे दिवस तेवढे डॉक्टरांना सांगा."

सांगितले की! अत्तराचा कारखाना हातवाऱ्यांसकट उभा केला. गोदामवाल्याचा आवाजसुद्धा काढला. डॉक्टर हसले, शेजारी बसलेला तोही हसला.

"सलग चार दिवस टिकतं का असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो, दोनच! स्वभावच हौशी त्याचा."

गोळ्या त्याच राहिल्या.

रिक्षात वहिनी म्हणाल्या, "साक्षीला नेलं होतं तुम्हाला. करमणुकीला नव्हे." मग म्हणाल्या, "ताप दोनच दिवस आला, तर तो ताप नसतो का?"

तो आमच्या मध्ये बसला होता. "राजे, शुगरवाल्याला नाव आहे, दमेवाल्याला नाव आहे. मला काय झालंय?"



पुढे अशाच एका चढत्या सकाळी "चांदीपच्या रोपवाटिकेतून कलमं आणतो" म्हणून तो स्कूटरवर निघाला. स्कूटर सापडली. तो नाही. चौकीत तो हरवल्याची तक्रार लिहून घेताना हवालदाराने विचारलं, "आजार काय लिहू?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणून आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. या वेळी मी कुणाचे आवाज काढले नाहीत. झोप किती तास, चढ किती दिवस, उतार किती, तेवढंच सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

"त्यांना पाहिल्याशिवाय ठाम नाही सांगता येणार. पण हे बायपोलरसारखंच वाटतंय. चढ सलग चार दिवस टिकला तरच हे नाव द्यायचं, त्या नियमात बसत नाही, इतकंच. असे बरेच असतात. चढउतार आवरणारी औषधं आहेत."

"आहेत?" वहिनी पुढे सरकल्या. "मग चिठ्ठी द्या. आले की लगेच सुरू करते."

"तपासल्याशिवाय कशी देऊ, ताई?"

दारातून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. वहिनी खुर्चीतून उठल्या नाहीत.