गाळात न विरलेली पिशवी

नवऱ्याच्या अस्थी मी पिशवीची गाठ न सोडताच तलावात सोडल्या. वर पिशवी तरंगू नये म्हणून आत एक पांढरी गारगोटीही घातली. हा मूर्खपणा केला तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे आताच्या मानाने पोरगीच, आणि पोरीला शोभेल एवढा तोरा अंगात होता. त्यातून निवृत्त मास्तरीण, तीही विज्ञानाची. मग काय विचारता!

पिशवी साधी नव्हती. यवतमाळच्या एका प्रदर्शनातून मी ती आणली होती. हिरवट, हाताला मऊ, वर एक पान छापलेलं. दिसायला प्लॅस्टिक, पण मक्याचं पीठ घालून केलेली, मातीत मिसळून जाते, असं विकणारा म्हणाला आणि मास्तरणीने मान डोलावली. खालची बारीक अक्षरं वाचायला पर्समधून चष्मा काढून लावावा लागला असता, आणि चष्म्यात आपण म्हातारी दिसतो अशी त्या बाईची समजूत होती.

यांची इच्छा होती की अस्थी नदीत नकोत, दिग्रसकडच्या आपल्या गावच्या तलावात सोडाव्यात. त्या तलावात ते पोहायला शिकले होते. शिकवलं थोरल्या बहिणीने, पदर खोचून. या माझ्या नणंदबाई, आमच्या अक्काजी. त्यांना गावातच दिलेलं, त्यामुळे त्यांचं घरही तिथंच आणि शेतही तलावाला लागून.

त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून अक्काजी म्हणाल्या, "गाठ सोड वं बाई. मोकयं कर त्याले."

"अक्काजी, ही पिशवी आपोआप विरघळते. दोन-तीन महिन्यांत काही उरत नाही."

"साखर हाये का ते?"

"साखरच समजा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पिशवी सोडली. बुडबुडे आले, थांबले.

पहिल्या भाऊबीजेला अक्काजी ताट घेऊन तलावावर गेल्या. मीही सोबत होते. त्यांनी पाण्याला कुंकू वाहिलं, दिवा ओवाळला आणि मागे न बघता विचारलं, "झाला असन न वं आता तो मोकया?"

"हो, अक्काजी."

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या त्या एका 'हो'वर विसंबून दर भाऊबीजेला त्या पाण्याला ओवाळत राहिल्या. गुडघे गेले, तरी काठी टेकत जात. पाणी म्हणजेच भाऊ, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग एका उन्हाळ्यात तलाव जवळजवळ आटला. गाळ काढायला जेसीबी लागला आणि ज्याला हवा त्याने ट्रॉली भरून तो काळा गाळ शेतात नेऊन टाकला. अक्काजींनीही टाकून घेतला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "ये," म्हणाल्या. "एकटी ये." आणि ठेवून दिला.

बांधावर पळसाच्या सावलीत त्या बसल्या होत्या. पुढ्यात सुपावर पिशवी.

एका बाजूला फाटली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, पण होती. त्या पानाचा आकारसुद्धा ओळखू येत होता. गाठीवर मी यांच्या सुती दुपट्ट्याची पट्टी बांधली होती, तिचा पत्ता नव्हता. आमचा कापूस गाळाने खाऊन टाकला आणि विरघळणारी पिशवी तेवढी ठेवली. फाटलेल्या जागेतून गारगोटी दिसत होती. भोवती राखेचा लगदा.

वास ओळखीचा होता, गोबर गॅसच्या टाकीचा. त्या टाकीची आकृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली. हवा बंद केली की वेगळे जीवाणू कामाला लागतात, शेण खातात, गॅस सोडतात, असं पोरींकडून घोकून घेतलं. पण ते जीवाणू काय खातात आणि काय खात नाहीत, हा प्रश्न मास्तरणीला पडला नाही. असल्या पिशवीला लागते उकिरड्याची ऊब आणि खेळती हवा. वरखाली करत राहिलेल्या उकिरड्यात ती हळूहळू संपतेही. तळ्याच्या थंड, बिनहवेच्या चिखलात तिच्यातला पिठाचा अंश तेवढा जातो आणि बाकीची तशीच पडून राहते, किती वर्षं ते कोणी सांगावं. आणि मी तर दगड घालून तिला नेमकी तिथंच धाडली होती.

"इग्यान काय म्हणते तुहं?" अक्काजींनी विचारलं.

मला ते सगळं सांगता आलं असतं. हवा, ऊब, जीवाणू. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्यांच्यासमोर ते सांगणं म्हणजे पुन्हा गाठ मारणं झालं असतं.

"गाठ ठेवली ती पिशवीवर भरवसा होता म्हणून नाही, अक्काजी," मी म्हणाले. "मला भीती वाटली. गाठ सोडली की हात घालावा लागला असता. हाताला यांचं काही लागलं असतं. मनगटाचं हाड, दात... ते मला नको होतं. म्हणून साखर, साखर करत बसले."

अक्काजींनी बाजूला पडलेला विळा उचलला. माझ्या हातात दिला.

गाठ मी कापली. लगदा दोन्ही हातांनी ओंजळीत घेतला. थंड होता आणि जड. त्यात जे हाताला लागायचं ते लागलं. तलावाच्या मधोमध डबक्याएवढं पाणी उरलं होतं, तिथवर आम्ही भेगाळलेल्या चिखलातून गेलो, त्या काठी टेकत, मी ओंजळ सांभाळत. पाण्यात हात उघडले. राख लगेच पसरली. काळ्या पाण्यावर एक करडा ढग झाला आणि विरला. याला दोन-तीन महिने लागले नाहीत.

मी हात धुतले, तोंड धुतलं. मग म्हणाले, "माझं चुकलं, अक्काजी."

त्या पाण्याकडेच बघत होत्या.

"तुह्यावर राग नाई वं बाई. भेव तं मलेई वाटलं असतं. पन एवढी वर्सं मी वरून दिवा दाखवून राह्यली, अन् हा खाली चिखलात, तोंड बांधलेला. तू मास्तरीण हायेस, तूच सांग मले. त्या पिशवीतून त्याले दिवा दिसला असन का वं?"